बिननावाचा गोंड

(आकाशवाणीवरील भाषणावरून)

कलात्मक सिनेमावर बोला, असा निरोप आला तेव्हा मला आधी हसूच आले. मी देवरीचा माणूस. नागपूरहून रायपूरला जाणाऱ्या महामार्गावर महाराष्ट्र संपता संपता जे तालुक्याचे गाव लागते, ते देवरी. पुढे शिरपूरचा नाका, मग बाघनदी, आणि नदी ओलांडली की छत्तीसगड. रात्रंदिवस ट्रक धावतात. ड्रायव्हर धाब्यावर चहा पितात आणि निघून जातात. चांगला सिनेमाही आमच्याकडे असाच यायचा. म्हणजे तो जायचा. थांबायचा नाही. पुण्याच्या चित्रपट रसास्वाद वर्गाला मी कधी बसलो नाही, फिल्म सोसायटीचे सभासदत्व कधी घेतले नाही. बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, आणि दूरदर्शनने जेवढे दाखवले तेवढे पाहिले. पुढे मुलांच्या संगणकावर आणि आता फोनवर बाकीचे पाहिले. तेव्हा मी जे सांगणार आहे ते एका आडवाटेच्या प्रेक्षकाचे सांगणे आहे, एवढे आधी कबूल करतो.

पण या रस्त्याचा आणि कलात्मक सिनेमाचा एक धागा आहे. तो फारसा कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. सत्यजित राय यांच्या ‘सद्‌गती’ या चित्रपटात एक माणूस आहे. जेमतेम काही प्रसंगांत दिसतो. भूमिकांच्या यादीत दुखी आहे, झुरिया आहे, घासीराम आहे, घासीरामची बायको लक्ष्मी आहे. या माणसापुढे मात्र फक्त ‘गोंड’ असे लिहिलेले असते. त्याला नाव नाही. आमच्या तालुक्यात गोंड आणि हलबा समाजाची वस्ती मोठी. दर आठवडी बाजाराला ज्यांच्याकडून आम्ही मोह, चारोळी, डिंक, सुरण घेतो, त्यांच्यातलाच हा एक. माझी ही सगळी गोष्ट त्या बिननावाच्या गोंडाची आहे.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडे ‘समांतर सिनेमा’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी तसे चित्रपट निघत होते. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला आणि दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शांतारामबापूंचे ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ त्याच दशकातले. पुढे १९५५ साली ‘पथेर पांचाली’ आला आणि साध्या माणसाचे साधे जगणे हाच सिनेमाचा विषय होऊ शकतो हे साऱ्या देशाला दिसले. १९६० साली सरकारने फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढले. त्याच साली पुण्याला प्रभातच्या जागेत चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. या कॉर्पोरेशनच्या कर्जातून १९६९ साली मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ झाला, बासू चटर्जींचा ‘सारा आकाश’ झाला, मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ झाला. पैसा थोडा, नट नवे, जागा खऱ्या. मराठीत १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावर चित्रपट केला. त्याचा कॅमेरा गोविंद निहलानी नावाच्या तरुणाकडे होता. हे नाव लक्षात ठेवा. मग डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ आला आणि १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला.

जब्बार पटेल या नावाचे मला तरुणपणी केवढे अप्रूप होते! आमच्यासारख्याने मराठीत कविता लिहिली की लोक कौतुक करत, पण त्या कौतुकात थोडे आश्चर्य असे. ‘तुमची मराठी किती शुद्ध आहे हो!’ अरे बाबा, माझी दुसरी कोणती भाषा आहे, की ही अशुद्ध असावी? तर अशा वेळी पंढरपुरात जन्मलेला, पेशाने मुलांचा डॉक्टर असलेला, नाटकवेडा जब्बार पटेल मराठी नाटक-सिनेमाचा कणा होऊन बसला होता, याचा मोठा आधार वाटायचा. पण आज आधारापुरते बोलायचे नाही. त्यांच्या ‘जैत रे जैत’बद्दल मला एक तक्रार आहे, ती सांगायची आहे.

१९७७ ते १९८१ या चार-पाच वर्षांत तीन चित्रपट झाले. ‘जैत रे जैत’, ‘आक्रोश’ आणि ‘सद्‌गती’. तिन्हींत स्मिता पाटील आहे. पहिल्यात आणि तिसऱ्यात तिच्यासमोर मोहन आगाशे आहेत. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तिचा नवरा ओम पुरी आहे. तिन्हींत जंगल आहे, गाव आहे, गरीब माणूस आहे. एका दमात हे तीन पाहिले, तर आपला कलात्मक सिनेमा आदिवासीकडे कसा बघत गेला हे कळते.

‘जैत रे जैत’ गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. कर्नाळ्याच्या परिसरातले ठाकर, लिंगोबाचा डोंगर, कड्यावर लटकलेली मधमाश्यांची पोळी, आणि आपण पुण्यवंत व्हावे या ध्यासाने झपाटलेला नाग्या. माशी त्याचा डोळा घेते आणि तो तिच्याशी वैर मांडतो. चिंधी नवऱ्याला सोडून त्याच्याकडे येते. शेवटी नाग्या जिंकतो, पण त्या जिंकण्याची किंमत चिंधी देते. ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि तो योग्यच होता. मराठीत इतका देखणा चित्रपट क्वचित झाला आहे. ढोल वाजतो तेव्हा अंगावर काटा येतो.

तक्रार ही की तो फार देखणा आहे. त्यातला ठाकर गातो, नाचतो, वैर मांडतो, प्रेम करतो. पण तो सावकाराकडे जात नाही, फॉरेस्टच्या गार्डसमोर उभा राहत नाही, मधाला काय भाव मिळाला हे त्याला कुणी विचारत नाही. आमच्याकडेही मध काढणारे आहेत. अंधारी रात्र बघतात, पलिता पेटवतात, धूर करतात. पोळे खाली आल्यावर पहिली काळजी असते ती मोजमापाची आणि पैशाची. मी कवी आहे, म्हणून मला हा दोष चटकन दिसतो. हा कवीचाच दोष आहे. माणूस कवितेत बसवण्यासाठी त्याच्या पाठीवरचे ओझे खाली उतरवून ठेवायचे, ही आमची जुनी सवय.

‘आक्रोश’ने ते ओझे उचलले. १९८०चा हा चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचे. ‘शांतता’चा कॅमेरा सांभाळणारे, श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’चे छायाचित्रण करणारे गोविंद निहलानी इथे प्रथमच दिग्दर्शक झाले, आणि कॅमेराही त्यांनी स्वतःच्याच हातात ठेवला. १९८१ साली भारताच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याला सुवर्णमयूर विभागून मिळाला. लहान्या भिकू या आदिवासीवर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. खून त्याने केलेला नाही. ज्यांनी तिच्यावर अत्याचार केला ते गावातले वजनदार लोक, त्यात जंगलाचा ठेकेदारही आला, संध्याकाळी क्लबात पत्ते खेळत बसलेले असतात. सरकारने दिलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी लहान्याला पुन्हा पुन्हा विचारतो, काय झाले ते सांग. लहान्या बोलत नाही. सबंध चित्रपटभर तो बोलत नाही. ओम पुरीचा तो चेहरा, देवीच्या व्रणांनी भरल्यासारखा, जमिनीकडे लागलेली नजर. शेवटी बापाच्या चितेपाशी त्याच्या हाती कुऱ्हाड येते. आपल्या बहिणीचेही बायकोसारखे होणार, या भीतीने तो तिच्यावरच घाव घालतो. आणि मग ओरडतो. ते ओरडणे म्हणजे शब्द नव्हे.

यातल्या समाजकार्यकर्त्याची छोटी भूमिका आमच्या विदर्भाचे नाटककार महेश एलकुंचवार यांनी केली आहे. मला ते पडद्यावर अचानक दिसले तेव्हा लग्नाच्या पंगतीत ओळखीचा माणूस भेटावा तसे वाटले.

लहान्याच्या मौनाचे समीक्षकांनी खूप कौतुक केले. मीही केले. बोलून उपयोग नाही हे ज्याला कळले आहे त्याचे ते मौन आहे, हे खरे. पण पुढे पुढे मला त्याचीही चुळबुळ वाटू लागली. ‘जैत रे जैत’मध्ये आदिवासी गातो, ‘आक्रोश’मध्ये तो मुका होतो. मधे साधे बोलणारा आदिवासी कुठे गेला? बाजारात घासाघीस करणारा, टोमणा मारणारा, तहसीलच्या बाबूला हसणारा? ‘आक्रोश’मध्ये खरे बोलणारा आदिवासी एकच आहे, आणि तो म्हणजे सरकारी वकील दुसाने. तो जन्माने आदिवासी, शिकून वर आलेला, त्याच क्लबात बसणारा. घरी त्याला निनावी फोन येतात, जातीवरून शिव्या येतात, आणि सकाळी तो कोर्टात जाऊन लहान्याच्या विरुद्ध उभा राहतो. अमरीश पुरींनी हे काम काय केले आहे! माझ्या मते त्या चित्रपटातला सगळ्यात गुंतागुंतीचा आदिवासी दुसाने आहे, लहान्या नव्हे. लहान्यासाठी आपण रडतो. दुसानेपुढे आपण अवघडतो.

आता ‘सद्‌गती’. आणि आता आपण आमच्या रस्त्यावर आलो.

सत्यजित राय यांनी हिंदीत फार थोडे काम केले. १९७७चा ‘शतरंज के खिलाडी’ आणि १९८१चा ‘सद्‌गती’. दोन्ही प्रेमचंदांच्या कथांवर. ‘सद्‌गती’ दूरदर्शनसाठी केलेला, तासाभराहूनही लहान. संवादांसाठी प्रेमचंदांचे चिरंजीव अमृत राय यांची मदत त्यांनी घेतली. आणि चित्रीकरणासाठी ते उत्तर प्रदेशात न जाता रायपूरच्या आसपासच्या खेड्यात आले. म्हणजे देवरीहून याच महामार्गाने निघालात, राजनांदगाव, दुर्ग मागे टाकलेत, की तो मुलूख. चित्रपटात रावणाचा एक भला मोठा पुतळा दिसतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला ती दिग्दर्शकाची प्रतिमा वाटेल. छत्तीसगडात बारा महिने उभे असलेले असे रावण गावोगाव आहेत. रायांनी तो बांधून घेतला नाही, जे होते ते बघितले. थोर दिग्दर्शक कुणाला म्हणायचे याचा माझा स्वतःचा एक साधा निकष आहे: त्याला आपल्या गावाच्या वेशीवर आणून सोडले तर तो काय बघेल?

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दुखी चर्मकार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला पंडित घासीरामकडे जातो. तापातून नुकताच उठलेला, पोटात अन्न नाही. पंडित म्हणतो, अंगण झाड, भुसा आत टाक, तो लाकडाचा ओंडका फोड. ओंडका गाठीचा. कुऱ्हाड बोथट. घाव बसतो आणि उसळून येतो. दुपार चढते. दुखी घाव घालत राहतो आणि तिथेच मरतो.

या गोष्टीत गोंड येतो कुठे? दुखीला दम लागतो, चिलीम ओढाविशी वाटते, तेव्हा तंबाखू देणारा गोंडच. दुखीला लाकूड फोडता येत नाही हे बघून जवळ येणारा आणि ‘तुला खायला तरी दिले का रे?’ असे विचारणाराही तोच. दुखी मेल्यावर चर्मकारांच्या वस्तीत जाऊन, प्रेताला हात लावू नका, पोलिसांची चौकशी होईल, हे सांगणाराही तोच. म्हणजे सबंध गोष्टीत सरळ प्रश्न विचारणारा आणि खरे काय ते मोठ्याने बोलणारा माणूस हा एकच. पंडिताचे त्याच्यावर ओझे नाही. त्याला मुहूर्त नको, आशीर्वाद नको. तो काही बंड करत नाही. फक्त बघतो आणि बोलतो. आणि त्याच्या बोलण्याचा परिणाम केवढा होतो! वस्तीतले कुणीही प्रेत उचलायला येत नाही. पावसात प्रेत पडून राहते, विहिरीच्या वाटेवर. झुरिया बंद दारासमोर आकांत करते. शेवटी जन्मभर ज्याची सावली टाळली त्याच्या पायात पंडिताला स्वतःच्या हाताने दोरीचा फास अडकवावा लागतो आणि ओढत न्यावे लागते. मग येऊन तो पाणी शिंपडतो. तो दोर बांधणारे हात मोहन आगाशेंचे आहेत. चारच वर्षांपूर्वी पोळ्यासाठी कड्यावर चढलेल्या नाग्याचे. आणि गंमत बघा, ज्यांनी ‘घाशीराम कोतवाल’ नाटकात नाना फडणवीस गाजवला, त्या आगाशेंच्या वाट्याला इथे नाव आले ते घासीराम.

एक बारीक गोष्ट सांगतो. प्रेमचंदांच्या पूर्वेकडच्या उत्तर प्रदेशातही गोंड नावाचा समाज आहे. पण त्यांचे जगणे आणि कामधंदे आमच्याकडच्या गोंडांपेक्षा वेगळे. कथेतला गोंड तिकडचा. रायांनी कथा उचलून छत्तीसगडात आणली, आणि त्या एका शब्दाचा अर्थच बदलला. इकडे गोंड म्हटले की जंगलाचा मूळ मालक उभा राहतो. ज्यांची राज्ये देवगडला होती, चांद्याला होती, गढा-मंडल्याला होती तो समाज. नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शाह देवगडचा गोंड राजाच होता. औरंगजेबाच्या दरबारी जाऊन मुसलमान झालेला, हेही जाता जाता सांगून टाकतो, म्हणजे आमच्या गावात मी उपरा नाही याला एक साक्षीदार मिळेल. तर राजाच्या वंशाचा तो शब्द पंडिताच्या अंगणात येऊन उभा राहतो, आणि पडद्यावर त्याची सगळी ओळख तेवढीच. गोंड.

ही भूमिका कुणी केली आहे? भैयालाल हेडाऊ यांनी. राजनांदगावचे लोकगायक. दाऊ रामचंद्र देशमुखांनी १९७१ साली ‘चंदैनी गोंदा’ नावाचा जो छत्तीसगडी लोककलांचा मोठा जलसा उभा केला, त्यातले हे गाजलेले गळे. गाणाऱ्या माणसाला रायांनी बोलायला लावले. एकही गाणे दिले नाही. ‘जैत रे जैत’च्या नेमके उलटे! ओम पुरी आणि स्मिता पाटील हे त्या वेळचे आपले सर्वांत कसलेले नट, पण त्यांच्याशेजारी हा माणूस उभा राहतो तेव्हा त्याला काही करावे लागत नाही. तो नुसता उभा राहिला की गाव उभे राहते.

रायांनाही हे एकदम साधलेले नाही. १९७०च्या ‘अरण्येर दिन रात्री’ मध्ये त्यांनी संथाळ मुलीच्या भूमिकेत सिमी गरेवालला घेतले होते. तिला काळा रंग लावून. मोठ्या माणसाची ही चूक मला मुद्दाम सांगाविशी वाटते, कारण त्या काळी ती कुणाला चूक वाटली नाही. मृणाल सेन यांच्या १९७६च्या ‘मृगया’त संथाळ शिकारी झाला तो मिथुन चक्रवर्ती. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, काम चांगलेच आहे. पण ‘अरण्येर दिन रात्री’पासून ‘सद्‌गती’पर्यंतच्या अकरा वर्षांत राय रंग लावलेल्या चेहऱ्यापासून भैयालाल हेडाऊंपर्यंत आले, हा प्रवास मला त्यांच्या पुरस्कारांहून मोठा वाटतो.

आणि तसे पाहिले तर या रस्त्यावर रायांच्या आधी श्याम बेनेगल येऊन गेले होते. रायपूरचे हबीब तन्वीर नाचाच्या कलावंतांना घेऊन नाटक करत. नाचा म्हणजे काय हे आमच्या सीमेवरच्या माणसाला सांगावे लागत नाही. धान निघाले की इकडे झाडीपट्टीची नाटके आणि दंडार, तिकडे नाचा, आणि रात्रभर जागणारी माणसे दोन्हीकडची तीच. तन्वीरांच्या ‘चरणदास चोर’वर बेनेगलांनी १९७५ साली बालचित्र समितीसाठी कृष्णधवल चित्रपट केला. त्यात लालूराम, मदनलाल हे नाचाचे कलावंत आहेत, आणि राजकन्या झाली आहे स्मिता पाटील. तिचे हे पडद्यावरचे पहिले पाऊल. कॅमेरा पुन्हा निहलानींचा. चोर खोटे न बोलण्याची शपथ घेतो आणि त्या शपथेपायी जिवाला मुकतो. मुलांचा चित्रपट म्हणून समीक्षक त्याला ओलांडून जातात. त्यांनी थोडे थांबायला हवे होते. खेड्यातला माणूस स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या विनोदाने पडद्यावर बोलतो, असे त्या काळात फार थोड्या ठिकाणी सापडते.

नंतर काय झाले? १९८०च्या दशकात घराघरांत टीव्ही आला, धंद्याचे गणित बदलले, सरकारी पैशावरचे चित्रपट डब्यात पडून राहू लागले. स्मिता पाटील १९८६ साली गेली, अवघी एकतीस वर्षांची. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’ असे करत राहिले, २००३च्या ‘श्वास’ने राष्ट्रीय पुरस्कार आणून पुन्हा दार उघडले, आणि मग नवी पिढी आली. त्या सगळ्यांची नावे इथे घेत बसत नाही. माझ्या गोष्टीला लागतात ते दोनच. एक, चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४चा ‘कोर्ट’. व्हेनिसला गाजला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला आरोपी लोकशाहीर नारायण कांबळे झाले आहेत ते नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार. चळवळीतला माणूस चळवळीतल्या माणसाच्या भूमिकेत. २०२१ साली कोरोनाने त्यांना नेले. भैयालाल हेडाऊंच्या मागे रांगेत कोण उभे आहे असे मला विचारले तर मी साथीदारांचे नाव घेईन.

दुसरा, अमित मसुरकर यांचा २०१७चा ‘न्यूटन’. दंडकारण्यातली निवडणूक, आणि चित्रीकरण छत्तीसगडातल्या दल्ली-राजहराला, म्हणजे पुन्हा आमच्याच शेजारी. त्यात मलको नावाची आदिवासी शिक्षिका आहे. ती मतदान केंद्रावर काम करते, गोंडी बोलते, आणि शहरातून आलेल्या प्रामाणिक साहेबाला, तुला यातले काही माहीत नाही, हे हसत हसत जाणवून देते. मलको झालेली अंजली पाटील नाशिकची, हे खरे. पण मलकोला नाव आहे. नोकरी आहे. मत आहे. आणि विनोदबुद्धी आहे, जी लहान्याला कुणी दिली नव्हती. आमच्याकडे नक्षलग्रस्त भागात निवडणुकीची ड्यूटी केलेले कितीतरी शिक्षक आहेत. हेलिकॉप्टर, पोलिसांचा गराडा, रिकामी शाळा आणि दुपारपर्यंत न फिरकलेला मतदार. हा चित्रपट पाहून ते जे हसले, ते हसणे मोठ्या शहरांतल्या थिएटरात ऐकू आले नसेल.

धंदेवाईक सिनेमाची गंमत तर वेगळीच. २०२२च्या ‘आरआरआर’ने गोंडांच्या कोमाराम भीमला पडद्यावर आणले, त्याला वाघाशी झुंजवले, आणि वेषांतरात त्याचे नाव ठेवले अख्तर. इतिहासाचा पार चिवडा केला. पण आमच्या भागातली पोरे ‘भीम, भीम’ करत बाहेर आली. कलात्मक सिनेमाने माणूस खरा दाखवला आणि नाव दिले नाही. यांनी नाव दिले आणि माणूस राहिला नाही. कशाला चांगले म्हणावे?

आता माझे स्वतःचे. ‘सद्‌गती’ मी पहिल्यांदा पाहिला तो नव्वदच्या दशकात, आमच्या घरच्या कृष्णधवल टीव्हीवर. तो रंगीत आहे हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हा ओळीत सगळ्यांकडे टीव्ही नव्हता. ओसरीवर माणसे येऊन बसत. त्यात एक म्हातारे गोंड गृहस्थ होते. माझे वडील बिडीपत्त्याच्या फळीवर मुनशी होते, तेव्हापासूनची त्यांची ओळख. मे महिन्याच्या उन्हात पुडके मोजताना वडिलांच्या रजिस्टरात प्रत्येकाचे नाव लिहिलेले असे. पण घरी बोलताना आम्ही सगळेच म्हणायचो, ‘तो गोंड आला होता.’ वडील म्हणत, आई म्हणे, मीही म्हणे. वाईट हेतू नव्हता. हेतूच नव्हता, असे म्हणू.

चित्रपट संपला. कुणी काही बोलले नाही. बायकांनी डोळे पुसले. म्हातारबुवा टीव्हीकडे बघतच होते. मग मला म्हणाले, ‘बाबू, तंबाखू देल्लन त्या मानसाचा नाव का आहे जी?’

मी म्हटले, ‘नाव नाही सांगितले. गोंड आहे, एवढेच.’

‘असा कसा? मरनाऱ्याचा नाव हाये, मारनाऱ्याचा हाये.’ एवढे बोलून ते उठले आणि चपला शोधू लागले.

त्या दिवसांत माझी एक कविता एका मासिकात छापून आली होती आणि मी ती लोकांना आवर्जून वाचून दाखवत असे. तिच्यात मोहाच्या झाडाखाली बसलेला एक गोंड होता. तो दूर कुठेतरी बघत होता. कवितेत लोक नेहमी दूर कुठेतरी बघतात. त्याला मी नाव दिले नव्हते, आणि तो काही बोलतही नव्हता. रात्री कविता काढून पाहिली. झाड कोणते, महिना कोणता, फुले कशी पडतात, सगळे बिनचूक होते.

पुढे कितीतरी वर्षांनी तो नट म्हणजे राजनांदगावचे भैयालाल हेडाऊ, हे मला समजले. ते म्हातारबुवा तोवर गेले होते. मग मी ते सांगितले ते रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर. कोष्टी समाजाचे एक गृहस्थ तिथे बशीत चहा ओतून पीत बसले होते. सत्यजित राय कोण, याच्याशी त्यांना काही घेणे नव्हते. हेडाऊ हे नाव ऐकताच मात्र बशी खाली ठेवली.

‘राजनांदगावचे हेडाऊ? कोन्ते हेडाऊ? आमची सोयरीक आहे तिकडं.’